तात्यांचा आकडा

जुनं सॉफ्टवेअर तपासायला कुठेही जा, पहिल्या दिवशी एक वाक्य ऐकावंच लागतं. "चालतंय ना? मग कशाला हात लावता?" तपासनीस बाईंनी हे इतक्या कचेऱ्यांमध्ये आणि इतक्या तोंडांनी ऐकलं होतं की आता त्या उत्तर द्यायच्या भानगडीतही पडत नसत. अहो, चालतंय तोवरच तपासायचं असतं. बंद पडल्यावर तपासनीस लागत नाही, खांदेकरी लागतात. पण सांगणार कुणाला, पालथ्या घड्यावर पाणी.

या खेपेला त्यांना बोलावलं होतं औषधांच्या एका मोठ्या गोदामाने. शहरातल्या बहुतेक इस्पितळांना माल इथूनच जायचा. कुठल्या गाडीत काय भरायचं, कुणाला किती खोकी द्यायची, थंड ठेवायची औषधं कुठल्या गाडीतून पाठवायची, हे सगळं एक जुना प्रोग्राम ठरवायचा. तो लिहिला गेला तेव्हा गोदामातली निम्मी माणसं शाळेतही जात नव्हती. बाईंनी तो ओळ न् ओळ वाचायचा आणि मालकांना लेखी अहवाल द्यायचा. काय धड आहे, काय कुजलंय, काय नव्याने बांधावं लागेल. आणि मुख्य म्हणजे, इथलं एखादं माणूस उद्या निघून गेलं तर काय काय बंद पडेल.

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गोदामाच्या मोठ्या साहेबांकडे तयारच होतं. "त्यात काय लिहायचंय? तात्या आहेत तोवर काळजी नाही, असं लिहून टाका."

"आणि तात्या नसतील तेव्हा?"

"तात्या कुठे जातायत?" साहेब हसत म्हणाले. बाईंना हसू आलं नाही. माणसाने निवृत्तीचं वय ओलांडून बराच काळ झालेला, दरवेळी साहेब मुदत वाढवून देणार आणि वर हे असं विचारणार.

बाईंना बसायला दिली होती शीतगृहाला लागून असलेली कॉम्प्युटरची खोली. भिंतीला कायम ओल. खुर्चीचा एक हात गळून पडलेला, दुसरा चिकटपट्टीने बांधलेला. टेबलावर जुना काळा फोन, त्याचा आवाज इतका मोठा की पलीकडचा माणूस खोलीतच बसलाय असं वाटावं. शेजारच्या टेबलावर तात्या. अंगात बाराही महिने स्वेटर, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. हा प्रोग्राम तिघांनी मिळून लिहिला होता. दोघं कधीच सोडून गेले, तात्या उरले.

प्रोग्राम म्हणजे काय सांगावं. एकच हिशेब पाच-सहा ठिकाणी केलेला आणि प्रत्येक ठिकाणी थोडा निराळा. मध्येच पानंच्या पानं अशी, की त्यांच्याकडे जायला कुठून रस्ताच नाही. वर्षानुवर्षं तशीच पडून. एका जागी कुणीतरी लिहून ठेवलेलं, "हे काढू नये". का काढू नये, काढलं तर काय होईल, ते लिहायला मात्र त्याचा हात दुखत होता. बाई विचारायला गेल्या की सगळीकडून एकच जबाब: तात्यांना विचारा. हिशेबवाल्यांना विचारलं, तात्यांना विचारा. माल भरणाऱ्या मुकादमाला विचारलं, तात्यांना विचारा. आणि तात्यांना विचारलं की तात्या चष्मा पुसायचे, काचेतून उजेडाकडे बघायचे आणि म्हणायचे, "त्याचं असं आहे, ते सांगून कळायचं नाही." बाईंना वाटायचं, एकदा याच खुर्चीचा उरलेला हात उपटावा.

सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट घडायची ती सकाळी. गाड्या रांगेत उभ्या, माल भरणारे चहाचे पेले घेऊन भिंतीला टेकलेले, आणि प्रोग्राम थांबलेला. पडद्यावर एकच प्रश्न: शीतगृहाचं तापमान किती? मग तात्या उठायचे, स्वेटरची बटणं लावायचे, शीतगृहात जायचे, भिंतीवरच्या जुन्या तापमापकाला नाक लावून बघायचे, परत यायचे आणि आकडा टाइप करायचे. मग कुठे छपाई यंत्र गुरगुरायचं आणि भरणीचा कागद बाहेर यायचा. मुकादम ओरडायचा, "आकडा पडला रे," आणि सगळं गोदाम हलायचं. तात्या आजारी पडले त्या एका दिवशी म्हणे साहेबांनी त्यांना घरून उचलून आणलं होतं. हे सगळे कौतुकाने सांगायचे. बाईंनी ऐकून कपाळाला हात लावला.

एका दुपारी तात्या जेवायला गेलेले असताना काळा फोन वाजला.

"हे आहेत का हो?" बायकी आवाज होता, वयस्कर. "मोबाइल उचलत नाहीत. मी त्यांच्या घरची."

ते जेवायला गेलेत, असं बाईंनी सांगितलं.

"तुम्हीच का त्या? प्रोग्राम तपासायला आलेल्या? लेक सांगत होती, तिला ह्यांनीच सांगितलं." काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, आवाज खाली आणला. "एक विचारू का? सोडेल का हो तो ह्यांना?"

"कोण?"

"तुमचा तो प्रोग्राम. सासू परवडली हो, ती निदान सणाला तरी माहेरी पाठवायची. हा मेला एक दिवस सोडत नाही."

मग त्यांनी सांगितलं. काकू लेकीकडे राहत होत्या, दुसऱ्या गावी. काचबिंदू. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला तात्या येणार होते, आले नाहीत, प्रोग्राम अडला. पुढची तारीख घेतली, तेव्हाही प्रोग्राम अडला. काकू थांबल्या आणि थांबण्यातच तो डोळा गेला. आता उजव्याची पाळी होती. डॉक्टर म्हणत होते या आठवड्यात करा, नंतर माझ्या हातात काही नाही.

"मग करून घ्या ना काकू. लेक आहे ना जवळ?"

"लेक आहे. जावई आहे. सगळे आहेत." काकू म्हणाल्या. "पण टेबलावर जाताना हे दिसायला हवेत मला. पुढे दिसेल न दिसेल. हट्टी आहे मी, मला माहीत आहे. तुम्ही तेवढं लिहा हो तुमच्या कागदात, की ह्यांना सोडता येतं."

फोन ठेवल्यावर बाई नुसत्या धुमसत राहिल्या. रागवायचं तरी कुणाकुणावर? साहेबांवर, ज्यांना एका माणसाच्या जागी दुसरा तयार करायला इतक्या वर्षांत सवड झाली नाही? की या म्हाताऱ्यावर, जो अंगठा चोखणाऱ्या पोरासारखा त्या पडद्याला चिकटलाय? की काकूंवर, ज्या डोळा पणाला लावून नवऱ्याची वाट बघतायत? शेवटी त्यांनी सगळ्यांवर थोडा थोडा राग वाटून टाकला आणि बाकीची कामं बाजूला सारली. आधी तो सकाळचा प्रश्न. तो दुसऱ्या कुणाला सोपवता येईल का, एवढं तरी बघू.

आकडा कुठून येतो आणि कुठे जातो, हे शोधणं हाच बाईंचा धंदा. नवरा म्हणायचा, तू भाजीवालीलासुद्धा विचारशील की हा भाव कुठून आला. त्यांनी तात्यांच्या आकड्याचं बोट धरलं आणि निघाल्या. तापमान विचारलं, ठीक. आकडा घेतला, ठीक. एका कप्प्यात ठेवला, तेही ठीक. आणि लगेच पुढच्या ओळीत त्याच कप्प्यात शीतगृहातल्या सेन्सरचा आकडा येऊन बसत होता. तात्यांचा आकडा पुसला जात होता. कुणी न वाचताच.

बाईंनी त्याच दोन ओळी परत परत वाचल्या. मग प्रोग्रामची वेगळी काढलेली प्रत चालू केली, तापमान विचारल्यावर उकळत्या पाण्याचा आकडा घातला आणि बघत बसल्या. कागद जसाच्या तसा आला. लसी, इन्सुलिन, सगळं जिथल्या तिथे. शीतगृहात पाणी उकळतंय असं सांगूनही प्रोग्रामच्या कपाळावर आठी नाही. सेन्सर बसवून जमाना झाला होता. आणि सेन्सरची ती ओळ ज्याने लिहिली त्याचं नाव वर स्पष्ट होतं: तात्या.

तात्या सुपारी चघळत परत आले तेव्हा बाईंनी खुर्ची ओढून त्यांना पडद्यासमोर बसवलं. एक शब्द न बोलता तोच आकडा घालून दाखवला. छपाई यंत्र गुरगुरलं. तात्यांनी कागदाकडे बघितलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

तात्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "दोन डोळे असलेले बरे असतात हो. यंत्राचं काय, कधी बिघडेल."

"डोळ्यांचं नाव तुम्ही काढू नका." बाईंचा आवाज त्यांना स्वतःलाच कर्कश वाटला. "काकूंचा फोन आला होता. तुमचा आकडा यंत्र बघतही नाही. मग ही राखण कसली? कुणाची?"

तात्यांनी खुर्ची पडद्यापासून मागे सारली. मग म्हणाले, "सेन्सर आला तेव्हाच प्रश्न काढणार होतो. त्या दिवशी सकाळी मी आत गेलो, आणि बाहेर सगळी माणसं थांबलेली. ड्रायव्हर, मुकादम, साहेबसुद्धा. म्हटलं, उद्या काढू. मग उद्याचं परवा झालं." त्यांनी चष्मा परत घातला. "तिकडे लेकीकडे जाऊन मी काय करणार सांगा. जावयाचा पेपर वाचू? इथे माझ्यासाठी गाड्या थांबतात."

"आणि तिकडे तुमच्यासाठी काकू थांबल्यात. एका डोळ्यावर."

तात्या पडद्याकडे बघायला लागले. बाईंना त्यांची कीव आली आणि कीव आली म्हणून आणखीच चीड आली. अशा माणसांचं हेच असतं. धड रागावूही देत नाहीत.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "अहवालात मी एवढंच लिहीन की एक प्रश्न अनावश्यक होता, काढून टाकला. कुणी ठेवला, का ठेवला, ते नाही लिहिणार. पण आज तुमच्या हाताने काढा. आणि उद्या सकाळची बस धरा."

"घरी, तिला, हे सांगाल?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

तात्यांनी प्रश्न काढून टाकला. ओळ शोधावी लागली नाही. बाईंनी प्रत चालवून खात्री केली, साहेबांना कळवलं की उद्यापासून कागद आपोआप निघेल आणि तात्या रजेवर जातील. साहेब हो हो म्हणाले. मुकादमालाही सांगितलं. तोही हो हो म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली की बाईंना शंका यायची, आणि ती उगाच येत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गोदामात पोचल्या तेव्हा कागद निघालेला होता. वेळेवर, स्वच्छ, बिनचूक. मुकादमाच्या हातातच होता. थंड औषधांची खोकी शीतगृहातून काढून फलाटावर रचलेली होती. गाड्यांची दारं उघडी होती. आणि माल भरणारे भिंतीला टेकून चहा पीत होते.

"भरत का नाही?" बाईंनी विचारलं.

"आकडा कुठे पडलाय अजून?" मुकादम म्हणाला.

"कागद आलाय ना?"

"कागद आलाय. पण आकडा?"

"अहो, आकडा आता लागत नाही. काल सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगितलंत. तुमचं म्हणणं बरोबरच असणार, मॅडम." मुकादम समजूत घालावी तसा बोलत होता. "पण आकड्याशिवाय भरला आणि उद्या एखाद्या पेशंटचं बरंवाईट झालं तर नाव कुणाचं? माझं. तुम्ही चार दिवसांच्या पाहुण्या. तात्यांना येऊ दे."

बाईंनी त्याला सेन्सर समजावला. कागदावर छापलेलं तापमान बोट ठेवून दाखवलं. तो प्रत्येक वाक्याला हो म्हणाला आणि जागचा हलला नाही. फलाटावर ऊन सरकत खोक्यांकडे येत होतं. आत फोन वाजत होता, कुठल्यातरी इस्पितळातून, गाडी का निघाली नाही म्हणून. साहेब वरून धावत आले, रांग बघितली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजीबरोबर एक समाधानही होतं.

"बघितलंत? मी म्हणत नव्हतो? तात्यांशिवाय इथलं पान हलत नाही. लिहा आता हेच."

यंत्र सुटलं होतं, माणसं अडली होती. बाईंना वाटलं, सरळ पिशवी उचलावी आणि घरी जावं. जळो तो अहवाल आणि जळो हे गोदाम.

तेवढ्यात तात्या फाटकातून आत आले. हातात प्रवासाची बॅग, अंगात धुतलेला शर्ट, आज स्वेटर नाही. बसला जाता जाता एक नजर टाकायला आले असणार. न येतील तर ते तात्या कसले. त्यांनी गाड्या बघितल्या, माणसं बघितली. सगळे भिंतीवरून पाठ काढून उभे राहिले. तात्यांचा चेहरा उजळला. बाईंनी तो उजळताना बघितला आणि मनात म्हणाल्या, संपलं.

"आलात, बरं झालं," साहेब म्हणाले. "रजेचं पुढच्या महिन्यात बघू. आधी हे निस्तरा."

तात्यांनी बॅग खाली ठेवली.

बाईंचं बोलून झालं होतं. त्या नुसत्या खोक्यांकडे बघत राहिल्या, आणि तात्यांनीही तिकडे बघितलं. उन्हाची कड पहिल्या ओळीला लागली होती. आत फोन थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.

"खोकी उन्हात का आहेत?" तात्यांनी विचारलं.

"तुमची वाट बघतोय," मुकादम म्हणाला. "आकडा सांगा, भरतो."

तात्यांनी उन्हातल्या खोक्याला हात लावून बघितला. मग म्हणाले, "आकडा लागत नाही. भर."

"मॅडम पण तेच म्हणतायत, पण..."

"आज लागत नाही असं नाही म्हणत मी. कधीच लागत नव्हता. सेन्सर बसला तेव्हापासून नाही. मी घातलेला आकडा यंत्र टाकून देत होतं. मला माहीत होतं. तरी रोज तुम्हाला थांबवत होतो." त्यांनी श्वास घेतला. "भर आता. औषधं तापतायत."

माल भरणाऱ्यांपैकी एकजण हसायला लागला आणि कुणी साथ देत नाही म्हणून थांबला. मुकादमाने हातातल्या कागदाकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावर असा भाव आला की बाईंनी नजर वळवली. मग त्याने पहिलं खोकं उचललं. बाकीचे उठले. त्या सकाळी "आकडा पडला रे" असं कुणी ओरडलं नाही. साहेब वर निघून गेले.

तात्या कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. बाई मागोमाग गेल्या, न जाणो हा माणूस पुन्हा त्या पडद्यासमोर बसायचा. पण त्यांनी काळा फोन उचलला होता.

"मी बोलतोय," तात्या म्हणाले.

"सोडलं का त्याने?" काकूंचा आवाज खोलीभर झाला. त्यात इतकी आशा होती की बाईंना दाराबाहेर जावंसं वाटलं, पण पाय निघेना.

"त्याने धरलंच नव्हतं." तात्यांनी टेबलाची कड पकडली. "मीच येत नव्हतो."

पलीकडे दूर कुठेतरी भांडी वाजत होती, लेकीचं स्वयंपाकघर असेल.

"डाव्या डोळ्याच्या वेळी?" काकूंनी विचारलं.

"तेव्हाही."

"दुसऱ्या तारखेला?"

"हो."

बाहेर एका गाडीचं दार लागलं. तात्या तसेच उभे होते, रिसीव्हर कानाला दाबून.

"या," काकू शेवटी म्हणाल्या. आवाज रडका नव्हता, कोरडा होता. "आल्यावर माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. मी पण बोलणार नाही. नुसते समोर उभे राहा. उजवा डोळा राहिला, तर पट्टी काढल्यावर आधी तुमच्या तोंडाकडे नीट बघून घेणार आहे आणि मग भांडणार आहे. न बघता भांडायचं नाही मला. आणि नाही राहिला, तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. फोन ठेवला.

तात्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवायचा प्रयत्न केला. तो दोनदा घसरला. बाईंनी त्यांच्या हातातून घेऊन ठेवला. बाईंचं कालपासून साठलेलं सगळं बोलणं तोंडाशी आलं होतं, चांगलं खरमरीत, आणि त्यातलं एकही आता बोलण्यासारखं राहिलं नव्हतं.

"पहिली बस गेली असेल," तात्या म्हणाले.

"मग दुसरी धरा."

ते बाहेर आले. गाड्या निघायला लागल्या होत्या. फलाटावरून मुकादम खोकी मोजत होता, त्याने मान वर केली नाही. तात्यांनी बॅग उचलली आणि फाटकाकडे चालू लागले. शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरने त्यांच्याशेजारी वेग कमी केला आणि पलीकडचं दार आतून उघडलं.

"बसा," तो म्हणाला. "स्टँडवरूनच जातोय मी."

तात्या बॅग मांडीवर घेऊन बसले आणि गाडी निघाली.